पोलीस तक्रार सेवा, इंदूर: समलिंगी आणि ट्रान्स तक्रारदारांसाठी परीक्षण

समलिंगी किंवा ट्रान्स आहे म्हणून मार खाल्लेला, लुटला गेलेला किंवा घरात कोंडलेला माणूस इंदूरमध्ये तक्रार द्यायला निघाला, तर त्याला काय मिळतं आणि त्याचं काम कुठे अडतं, याचं हे परीक्षण आहे. सेवा म्हणजे 112 चा फोन, ठाणं, सरकारी दवाखान्यातला मुलाहिजा (जखमांची वैद्यकीय तपासणी), एफआयआर आणि नंतरचा पाठपुरावा. पाचपैकी गुण द्यायचे तर अडीच. शरीराची जखम आणि गेलेला पैसा ही सेवा बऱ्यापैकी नोंदवते. हल्ला कशामुळे झाला हे लिहायला मात्र तिच्याकडे रकाना नाही, कारण कायद्यात तसं कलम नाही. ते कलम येईपर्यंत तक्रारदाराला कारण स्वतःच्या शब्दांत, योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी लिहून घ्यावं लागतं. आमच्या मते सगळ्या प्रक्रियेत हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यात जास्त वेळा सुटते तीही हीच.

112 बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जागा सांगताना नाव, आडनाव, ओळख सांगण्याची गरज नसते. 'तीन जण मारत आहेत, अमुक चौक' एवढं पुरतं. कॉलचा इव्हेंट क्रमांक मिळाला की जपून ठेवा. घटना कधी घडली याचा तो पहिला सरकारी पुरावा असतो.

खरी परीक्षा ठाण्यात सुरू होते. मध्य प्रदेशात दखलपात्र गुन्ह्याची 'कायमी' होते, म्हणजे एफआयआर. अदखलपात्र असेल तर 'अदम चेक' कापला जातो. अदम चेकची पावती हातात आली की बरेच जण केस झाली असं समजून घरी जातात. पण बीएनएसएसच्या (नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपासाच्या कायद्याच्या) कलम 174 प्रमाणे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय त्या पावतीवर पोलीस तपासच करू शकत नाहीत. साधी मारहाण, बीएनएस (नवी भारतीय न्याय संहिता) 115(2), अदखलपात्र आहे. म्हणून 'दोन-चार थपडा मारल्या' एवढंच सांगितलं की अदम चेक ठरलेला.

याला उपाय कलम 174 मध्येच आहे. एकाच घटनेत एक जरी गुन्हा दखलपात्र असला, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून काय काय घडलं ते पूर्ण सांगा. रस्ता अडवला होता का? बीएनएस 126(2), दखलपात्र. खोलीत कोंडलं? 127(2), तेही दखलपात्र. सार्वजनिक जागी अश्लील शिव्या दिल्या? 296. धमकी देऊन पैसे मागितले? 308(2), सात वर्षांपर्यंत शिक्षा. मोबाइल हिसकावताना मारलं? मग ते लुटीत येतं, 309. हाड मोडलं, दात पडला, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिली किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तर 116 प्रमाणे ती गंभीर दुखापत. जुन्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) ही मुदत वीस दिवसांची होती, म्हणून जुन्या सवयीने वीसच सांगितले जातात. ठाण्यात मारामारीचे गुन्हे वर्षानुवर्षं 294-323-506-34 याच साच्यात लिहिले गेले. आता तो साचा 296-115(2)-351-3(5) (अश्लील शिव्या, मारहाण, धमकी, समान इरादा) असा झाला आहे. बाकीची कलमं लागावीत असं वाटत असेल तर तशी तथ्यं तक्रारदाराच्या तोंडून यायला हवीत. तक्रार लिहिणारा मुन्शी ती शोधत बसत नाही.

आता कारणाकडे येऊ. तक्रार बहुतेक वेळा तोंडी सांगितली जाते आणि लिहिणारा ती ठरलेल्या भाषेत उतरवतो. 'मां-बहन की अश्लील गालियां दीं' हे त्या भाषेतलं नेहमीचं वाक्य. हल्लेखोरांनी नेमका कोणता शब्द वापरला, हे या एका वाक्यात नाहीसं होतं, आणि द्वेषाचा पुरावा म्हणजे तो शब्दच. म्हणून तक्रार घरून लिहून न्या, दोन प्रतींत, आणि त्यात हे वाक्य असू द्या: 'आरोपियों ने मुझे (जो शब्द बोले, ज्यों के त्यों) कहते हुए, मेरे समलैंगिक होने के कारण, मेरा रास्ता रोककर मारपीट की.' ट्रान्स व्यक्तीने 'मेरे उभयलिंगी होने के कारण' असं लिहावं, कारण ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्याच्या अधिकृत हिंदी नावात तोच शब्द आहे. शिवी लिहायला संकोच वाटतो, पण ती लिहावीच लागते. घरच्यांनी किंवा शेजाऱ्यांनी मराठीत शिवीगाळ केली असेल, तर मराठी शब्द जसाच्या तसा लिहून शेजारी हिंदी अर्थ द्या. विवेचकाला, म्हणजे तपास अधिकाऱ्याला, मराठी येत असेलच असं नाही. जाता जाता एक किरकोळ पण त्रासदायक गोष्ट: हिंदी नोंदीत 'ळ' चा 'ल' होतो, काळेचे काले होतात. नाव आधार कार्डाशी ताडून घ्या, नाहीतर पुढे प्रत्येक कागदावर खुलासा देत बसावं लागतं.

एफआयआर वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. कारणाचं वाक्य नसेल तर घालायला सांगा. सही आधीच झाली असेल, तर बीएनएसएसच्या कलम 180 खालच्या पोलिसांसमोरच्या जबाबात ते वाक्य आणा, किंवा कलम 183 खाली दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवण्याचा अर्ज करा. उशिरा आलेली गोष्ट उलटतपासणीत 'नंतर सुचलेली' ठरवली जाते, म्हणून पहिल्याच कागदात ती असणं बरं. प्रत मोफत मिळते. 173(2) प्रमाणे तो तुमचा हक्क आहे.

मुलाहिजात एक चूक फार महाग पडते. एमवाय (महाराजा यशवंतराव रुग्णालय) किंवा कुठल्याही सरकारी दवाखान्यात डॉक्टर एमएलसीवर (पोलीस प्रकरणाच्या वैद्यकीय कागदावर) जखम कशी झाली ते विचारून लिहितात. ओळख लपवायची म्हणून 'गाडीवरून पडलो' असं सांगितलं, की तेच वाक्य पुढे बचाव पक्षाच्या कामी येतं. लैंगिक कलाबद्दल डॉक्टरांशी बोलायची गरज नाही. 'तीन जणांनी काठीने मारलं' एवढं खरं सांगितलं की पुरे. लैंगिक अत्याचार असेल तर अंघोळ करू नका, आणि कपडे प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ओल राहते आणि नमुने खराब होतात.

डेटिंग अॅपवरून बोलावून लुटण्याच्या प्रकरणात पुरावा बहुतेक वेळा तक्रारदाराच्याच हातून जातो. घाबरून समोरच्याला ब्लॉक केलं की अनेक अॅपवर सगळं संभाषणच नाहीसं होतं. आधी स्क्रीन रेकॉर्डिंग करा: प्रोफाइल उघडा, फोटो दाखवा, संभाषण पहिल्या संदेशापासून शेवटपर्यंत सरकवा. दुसऱ्या फोनने केलेलं चित्रीकरणही चालतं. नंतर ब्लॉक. यूपीआयने पैसे गेले असतील तर बारा अंकी व्यवहार क्रमांक लिहून ताबडतोब 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत रोखला तरच हाती लागतो. दुकानाच्या किंवा सोसायटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसलं जातं, म्हणून कॅमेऱ्याची जागा आणि वेळ तक्रारीतच लिहा आणि फुटेज जप्त करण्याची विनंती त्याच कागदावर करा. न्यायालयात ही सामग्री वापरायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) नोंदवावी लागते. फोन फॉरमॅट केलेला असेल तर हे सगळं अवघड होऊन बसतं. फोन पोलिसांनी घेतला तर जप्ती पत्रकाची प्रत मागा.

'तुझ्यावरच केस होईल' ही धमकी आजही चालते. तिला घाबरायचं कारण नाही. 6 सप्टेंबर 2018 च्या नवतेज सिंह जोहर निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या बीएनएसमध्ये असे संबंध गुन्हा ठरवणारं आयपीसीचं 377 हे कलमच नाही. जुन्या आयपीसीत 377 च्या आरोपाची भीती घालून खंडणी घेणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ती तरतूदही 377 बरोबर गेली.

तक्रार न देण्याचं सगळ्यात मोठं कारण नाव बाहेर जाण्याची भीती. राजेंद्रनगर असो की सुदामानगर, आपल्या मराठी वस्त्यांत बातमी एका आळीतून दुसऱ्या आळीत जायला वेळ लागत नाही. इथे सेवेला आम्ही कमी गुण देतो. ओळख गुप्त ठेवण्याचं संरक्षण बीएनएस 72 मध्ये आहे, पण ते बलात्कार आणि त्यालगतच्या कलमांपुरतंच. लुटल्या गेलेल्या समलिंगी पुरुषाला ते मिळत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2016 च्या निर्देशाप्रमाणे एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर चढवायचा असतो. संवेदनशील प्रकरणं मात्र त्यातून वगळता येतात आणि तो निर्णय उपअधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी घेतो. म्हणून तक्रारीसोबतच एक वेगळा छोटा अर्ज द्या: 'प्रकरण संवेदनशील स्वरूप का है, एफआईआर ऑनलाइन प्रदर्शित न की जाए.' आवक क्रमांक घ्या. दोन दिवसांनी दिलेल्या अर्जाचा उपयोग नाही.

घरात कोंडलेल्या मुलींसाठी आणि ट्रान्स मुलांसाठी प्रक्रिया निराळी आहे. प्रौढ व्यक्ती घर सोडून गेली की घरचे गुमशुदगी (बेपत्ता असल्याची तक्रार) नोंदवतात आणि पोलीस तिला 'दस्तयाब' करतात, म्हणजे शोधून काढतात. तिने वयाचा पुरावा दाखवून, मी माझ्या मर्जीने गेले, असा जबाब दिला की तिला कुठे राहायचं ते ठरवण्याचा हक्क आहे. घर सोडण्याआधी असं निवेदन, जन्मतारखेच्या पुराव्यासह, जवळच्या ठाण्याला स्पीड पोस्टने पाठवलं तर पुढचं बरंच टळतं. जोडीदाराला कुटुंबाने अडवून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस) याचिका करता येते. 11 मार्च 2024 च्या देवू जी. नायर निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिकांसाठी देशभरातल्या न्यायालयांना मार्गदर्शन घालून दिलं आहे: त्या व्यक्तीशी घरच्यांपासून दूर, एकांतात बोलायचं, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा प्रयत्न करायचा नाही. निकालाची प्रत याचिकेला जोडा. महिला आणि ट्रान्स स्त्रियांनी ठाण्यात 'ऊर्जा' महिला डेस्ककडे जावं. तक्रारदार अनुसूचित जाती किंवा जमातीतली असेल आणि जातीवरूनही बोललं गेलं असेल तर अजाक (अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या) ठाण्याचा रस्ता मोकळा असतो, आणि तिथला अत्याचार प्रतिबंधक कायदा कितीतरी जास्त ताकदीचा आहे.

ठाण्याने नोंद नाकारली तर वाद न घालता बीएनएसएसच्या 173(4) ची पायरी चढा: झोनच्या डीसीपींना लेखी तक्रार, टपालाने, पोचपावतीसह. तिथेही काही झालं नाही तर 175(3) खाली दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज. मंगळवारची जनसुनवाई आणि 181 ची सीएम हेल्पलाइन पाठपुराव्याला ठीक, पण त्या दोन्हींवर केलेली तक्रार 173(4) ची जागा घेत नाही. वकील परवडत नसेल तर 15100 (मोफत विधी सहाय्याची हेल्पलाइन) किंवा जिल्हा न्यायालयातलं विधिक सेवा प्राधिकरण. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही.

एवढं सगळं नीट केलं तरी कारणाचं पुढे काय होतं, हा प्रश्न उरतोच. बीएनएसमध्ये द्वेषाच्या हेतूला जागा आहे ती दोन ठिकाणी. 103(2): पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेला खून. 117(4): त्याच कारणांवरून, तितक्याच जणांनी केलेली गंभीर दुखापत. लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख यांचा त्यात उल्लेख नाही. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या 2014 च्या नालसा निकालाने आणि नवतेज जोहर निकालाने संविधानातल्या 'लिंग' या शब्दाच्या अर्थात या दोन्हींना स्थान दिलं आहे, त्यामुळे 'लिंग' आणि 'तत्सम कारण' यांच्या आधारे ही कलमं लावण्याची मागणी करता येते आणि करावीच. 117(4) अजामीनपात्र आहे, नुसत्या गंभीर दुखापतीचं 117(2) जामीनपात्र. फरक छोटा नाही. पण हल्लेखोर दोन किंवा तीन असले, एका मोटरसायकलवर मावतील इतके, की दोन्ही कलमं निरुपयोगी. अॅपवरून बोलावून लुटणारी टोळी बहुधा एवढीच असते. द्वेष पसरवण्याबद्दलच्या 196 मध्येही धर्म, वंश, भाषा, जात आहेत, हे दोन आधार नाहीत.

ट्रान्स व्यक्तींसाठी 2019 चा स्वतंत्र कायदा झाला. मूळ पाठातल्या कलम 18 मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, आर्थिक अशा सगळ्या छळाला एकच शिक्षा होती, सहा महिने ते दोन वर्षं. बीएनएसमध्ये स्त्रीवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं आहेत. शिवाय त्या पाठात शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी, म्हणून बीएनएसएसच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे असा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र, म्हणजे परत अदम चेक. जुनी छापील पुस्तकं घेऊन ठाण्यात जाऊ नका. इंडिया कोड या सरकारी कायद्यांच्या संकेतस्थळावरून त्या दिवशी लागू असलेला पाठ काढून न्या. पुरुषावर झालेला बलात्कार आधी 377 मध्ये येई; ते गेल्यावर त्यासाठी बीएनएसमध्ये कलमच उरलेलं नाही. आमच्या मते संपूर्ण संहितेतली ही सगळ्यात गंभीर त्रुटी आहे, आणि वर कापलेल्या गुणांपैकी पूर्ण एक गुण हिच्यासाठी आहे.

'मार तो मार, त्यात भेद कशाला' असा आक्षेप नेहमी येतो. कायदा तर हेतू पाहतच असतो. अनुसूचित जाती-जमातींसाठीचा 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हेच करतो, आणि त्याचा अनुभव आम्हाला हव्या असलेल्या नव्या कलमासाठी फार कामाचा आहे. त्याच्या 3(2)(v) मध्ये आधी गुन्हा पीडित दलित किंवा आदिवासी असल्याच्या 'कारणावरून' झाला हे सिद्ध करावं लागे. आरोपी 'पैशावरून भांडण होतं' म्हणे आणि कलम गळून पडे. 26 जानेवारी 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तिथे 'माहीत असूनही' अशी भाषा आणली. लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख यांचं कलम लिहिताना हा धडा पहिल्या मसुद्यातच असायला हवा.

बाहेरचे दोन अनुभव उपयोगी आहेत. अमेरिकेत ऑक्टोबर 1998 मध्ये वायोमिंगमधल्या लॅरमी इथे मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याला मारून कुंपणाला बांधून सोडलं, तो वाचला नाही. त्याच वर्षी टेक्सासमध्ये जेम्स बर्ड ज्युनिअर यांचा वर्णद्वेषातून खून झाला. दोघांच्या नावाचा संघीय कायदा 28 ऑक्टोबर 2009 ला झाला आणि त्यात लैंगिक कल, लिंगभाव ओळख हे आधार आले. पण तिथे लैंगिक कलावरून झालेल्या गुन्ह्यांची मोजणी 1990 च्या आकडेवारी कायद्यापासून चालू होती, शिक्षेच्या कायद्याआधी एकोणीस वर्षं. इंग्लंडमध्ये पीडिताला किंवा इतर कोणाला हल्ला द्वेषातून वाटला, तर पोलीस तशी खूण नोंदवतात. शिक्षा वाढवायची तर न्यायालयात वेगळा पुरावा लागतो. नोंदीला कमी पुरावा आणि शिक्षेला जास्त, ही विभागणी आम्हाला सगळ्यात शहाणपणाची वाटते. गैरवापराच्या भीतीलाही तिच्यात उत्तर आहे, कारण नुसत्या खुणेने कोणी तुरुंगात जात नाही.

आपल्याकडे मोजणीच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात या कारणाचा रकाना नाही, म्हणून विधानसभेत प्रश्न विचारला तरी उत्तराला आकडा नसतो. असा रकाना नोंद-प्रणालीत वाढवणं प्रशासकीय आदेशाने होण्यासारखं आहे. ट्रान्स व्यक्तींच्या कायद्याखालच्या 2020 च्या नियमांत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आणि राज्यात पोलीस महासंचालकांच्या अखत्यारीत ट्रान्सजेंडर संरक्षण कक्ष सांगितला आहे. अशा गुन्ह्यांची नोंद वेळेत होते की नाही हे पाहणं हेच त्याचं काम आहे, तेव्हा मोजणीची सुरुवात तिथून करता येईल. कलमासाठी मात्र कायदा लागेल. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राज्यही दुरुस्ती करू शकतं, राष्ट्रपतींच्या संमतीने. मध्य प्रदेश विधानसभेने डिसेंबर 2017 मध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलींवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद करणारं दंडविधी दुरुस्ती विधेयक याच अधिकारात संमत केलं होतं. आपल्या आमदारांकडे हा विषय न्यायचा असेल तर दोन वेगळी निवेदनं द्या, रकान्यासाठी गृह विभागाच्या नावे आणि कलमासाठी विधी विभागाच्या नावे. दोन्ही मागण्या एका कागदावर लिहिल्या, तर आदेशाने होणारं कामही विधेयकाची वाट पाहत फाइलीत पडून राहतं.